हरित इमारतीतला कर्मचारी

सोलापुरात एखादी नवी कार्यालयीन इमारत ‘हरित’ म्हणून मिरवू लागली की मला एकच उत्सुकता असते: मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना, दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या काचेशेजारी बसलेल्या कारकुनाचे तिच्याविषयी काय मत आहे?

‘लीड’, ‘आयजीबीसी’, ‘गृहा’ ही हरित इमारतींना दिली जाणारी प्रमाणपत्रे गुणांवर चालतात. ‘लीड’मध्ये ११० पैकी ८० गुण झाले की प्लॅटिनम, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. त्यातला मोठा वाटा वीज आणि पाण्याच्या बचतीचा असतो, आणि आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ती बचत मोलाचीच आहे. मात्र ती मालकाच्या बिलात दिसते. खुर्चीवरच्या माणसाला जाणवेलच असे नाही.

सर्जिओ आल्तोमोन्ते आणि स्तेफानो स्कियाव्हॉन या संशोधकांनी २०१३ मध्ये १४४ इमारतींत वावरणाऱ्यांच्या समाधान-पाहणीतील एकवीस हजारांहून अधिक उत्तरे तपासली; त्यांपैकी ६५ इमारती ‘लीड’प्रमाणित होत्या. प्रमाणित आणि इतर इमारतींतल्या एकंदर समाधानात दखल घ्यावा असा फरक त्यांना आढळला नाही. प्रमाणित इमारतींतले लोक हवेबाबत किंचित अधिक समाधानी, तर प्रकाशाबाबत किंचित कमी समाधानी होते. एकंदर समाधान सारखेच राहिले यात मला नवल वाटत नाही, कारण एक सोय करताना दुसरी गैरसोय होते. उजेड खोलवर पोहोचावा म्हणून मधले आडोसे बुटके ठेवले जातात आणि मग शेजारच्याचे फोनवरचे बोलणे आपल्या टेबलापर्यंत येते. कार्यालयांच्या पाहण्यांत आवाजाची तक्रार तर नेहमीच वरच्या क्रमांकावर असते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मोजायला हवी, ती म्हणजे स्वतःच्या हातातले नियंत्रण. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेले, माणसाला किती तापमान सुखकर वाटते याचे भारतीय प्रतिमान सांगते की बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेणारा माणूस आतले थोडे अधिक तापमानही सुखाने सोसतो. त्यासाठी उघडणारी खिडकी आणि पंखा मात्र हवा. (पंख्याच्या वेगावरून होणारी भांडणे मी हिशेबात धरलेली नाहीत.) जाड मातीच्या भिंतींच्या, माळवदाच्या जुन्या घरांत दुपार सुसह्य होत असे, कारण भिंत ऊन सावकाश आत सोडते. बंद काचेच्या दर्शनी भागाला ही सोय नाही. तिथे सारा भार वातानुकूलन यंत्रावर येतो आणि त्याचे बटण बहुधा कर्मचाऱ्याच्या हाती नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रमाणपत्र मिळाल्यावर वर्षभराने कर्मचाऱ्यांची पाहणी बंधनकारक करावी, आणि सोलापुरात तरी ती डिसेंबरात नव्हे, मे महिन्यात घ्यावी.