चॅप्लिनचा बूट आणि चित्रकलेचे सर

आपल्या शाळेच्या सभागृहात अधूनमधून मूकपट दाखवले जात आणि पुढच्या तासाला चित्रकलेचे सर नायकाचा कोट, त्याचे बूट, त्याच्या खोलीतील टेबल आठवून आमच्याकडून काढून घेत. पुढे हौशी नाटकांचे नेपथ्य करताना मला जी नजर उपयोगी पडली, ती त्या तासांनी दिली.

चॅप्लिनने 1914 साली कीस्टोन या चित्रपट कंपनीत आपल्या भटक्याच्या भूमिकेसाठी ढगळ पँट, तंग कोट, लहान टोपी आणि मोठाले बूट असा मुद्दाम विसंगत वेश निवडला. तो अंगावर चढवल्यावरच हा माणूस कोण हे उमगू लागले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. मला त्या वेशात गरिबीपेक्षा सभ्यपणाचा हट्ट अधिक दिसतो, कारण भटक्याला हातातल्या छडीचा तसा काहीच उपयोग नसतो. 'द गोल्ड रश' (1925) मध्ये तो भुकेपोटी स्वतःचा बूट शिजवून खातो, हे सर्वांना आठवते. सर मात्र त्यापुढे पाहायला शिकवत. त्यानंतर बूट गमावलेला तो पाय चिंध्यांत गुंडाळलेलाच राहतो आणि तशाच पायाने तो नृत्यगृहात नायिका जॉर्जियाबरोबर नाचतो. सुटणारी पँट आधी छडीने सावरावी, मग हाती लागलेल्या दोरीने बांधावी, तर दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा निघावा, आणि तरीही त्याची अदब ढळू नये!

नेपथ्याचे असेच सामर्थ्य मला पुढे फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीच्या 'मोन ऑन्क्ल' (1958) या चित्रपटात दिसले. त्यातील अर्पेलबाई आपल्या आधुनिक बंगल्यातील माशाचे कारंजे केवळ मानाच्या पाहुण्यांसाठी सुरू करतात आणि घरचाच कोणी आलेला दिसला की बंद करतात. त्या बाईंचा स्वभाव सांगायला संवादाची गरजच उरत नाही.

तरीही मला 'द गोल्ड रश'चा शेवट अधिक थोर वाटतो. सोने सापडून कोट्यधीश झालेला नायक बोटीवर एकावर एक दोन फरकोट घालून वावरतो, आणि छायाचित्रासाठी पुन्हा जुने कपडे चढवतो तेव्हाच जॉर्जियाची व त्याची गाठ पडते. त्या कपड्यांमुळे ती त्याला चोरून प्रवास करणारा समजते आणि त्याचे भाडे स्वतः भरायला पुढे होते. नायकाच्या फाटक्या वेशाने येथे नायिकेचे मन उघड केले आहे, आणि वेशभूषेचा याहून नेमका उपयोग मी अन्य कोणत्याही विनोदी चित्रपटात पाहिलेला नाही.