झाडीपट्टीतली ओहोटी

मे महिन्यात विदर्भात जाऊ नये, असे मला अनेकांनी बजावले होते आणि त्यात कोणाचेही काही चुकले नव्हते. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या अलीकडे एका खेड्यात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिच्या घरच्या लग्नासाठी रत्नागिरीहून निघून, गाड्या बदलत, मी भर दुपारी गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या एका छोट्या स्थानकावर उतरले, तेव्हा फलाटावर माझ्याखेरीज एक कुत्रे होते आणि तेही नळाखालच्या ओल्या जागेवरून हलायला तयार नव्हते. बहिणीच्या सासूबाईंनी आधी कैरीचे पन्हे दिले, मग ताक दिले आणि बाहेर जाताना पिशवीत एक कांदा ठेवायला लावला. कांद्याच्या उपयोगाविषयी माझे मत वेगळे आहे, परंतु त्या आग्रहापुढे ते मांडण्याचे धैर्य मला झाले नाही. कूलर उत्तम चालतो, फक्त त्याला वीज लागते. लग्न थाटात झाले. नागझिऱ्यात वाघही दिसला, पण त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग मला अधिक स्पष्ट आठवते.

लिहायचे आहे ते गावाच्या तलावाविषयी. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत असे हजारो तलाव आहेत. त्यांतले बरेचसे कोहळी समाजाने भातशेतीसाठी बांधले आणि मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी सारावसुलीची जुनी पद्धत, गेल्यानंतर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे बोलण्यात ‘मामा तलाव’, असे नाव पडले. मे महिन्यात पाणी पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून दूर, मधल्या खोलगट भागात जाऊन बसते आणि सभोवार भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन समुद्राच्या ओहोटीत कातळावर हिंडणे हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग आहे. त्यामुळे तो पट्टा पाहताच मला ती ओहोटीच वाटली. फरक इतकाच की रत्नागिरीला गेलेले पाणी काही तासांत परत येते, आणि येथे ते मृगाच्या पावसावर अवलंबून असते.

त्या पट्ट्यावर सकाळपासून एक जेसीबी गाळ उपसत होता आणि त्याच्या मागे मुग्धबलाकांचा थवा शिस्तीने चालला होता. या करकोच्याच्या चोचीच्या दोन भागांमध्ये फट असते आणि त्याचे मुख्य खाद्य म्हणजे तळ्यातल्या मोठ्या गोगलगायी. तेव्हा यंत्र नेमके काय उकरत आहे, हे जवळ न जाताही कळत होते. जवळ गेले तर ढिगाऱ्यात लिंबाएवढ्या गोगलगायी ठिकठिकाणी दिसत होत्या, प्रत्येकीचे चुनखडीसारखे कठीण झाकण घट्ट लागलेले. पाळीवर जाळे विणत बसलेले ढीवर समाजाचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “ते मेलं नाही जी ताई, निजलं हाये. पाणी पडलं का उठते.” त्यांनी एक गोगलगाय बादलीत टाकली. बराच वेळ काहीच घडले नाही; मग झाकण किंचित सरकले आणि मऊ पाय बाहेर आला.

या गोगलगायीला कल्लाही असतो आणि हवेतला श्वास घेणारी फुफ्फुसासारखी पिशवीही. पाणी आटू लागले की ती चिखलात शिरते, झाकण लावून घेते आणि शरीराचा सगळा व्यवहार इतका मंदावते की साठवलेल्या अन्नावर काही महिने निघतात; त्या काळात टाकाऊ नत्रसुद्धा ती युरिक आम्लाच्या रूपात साठवते, कारण ते बाहेर टाकण्यासाठी पाणी खर्च करणे तिला परवडणारे नसते. भरती-रेषेजवळच्या कातळावरच्या इवल्या गोगलगायी हेच काही तासांपुरते करतात. त्या शंखाची कड चिकट स्रावाने खडकाला डकवतात, पाय आत ओढून झाकण लावतात आणि तापलेल्या खडकाशी अंगाचा संबंध शक्य तितका कमी करतात. कालवे आणि शिणाणे शिंपले मिटून आतले पाणी राखतात, तर वाळूतले व चिखलातले खेकडे बिळात उतरतात. एवढे करूनही ऊन अंगात शिरलेच, तर पेशींत उष्मा-आघात प्रथिने तयार होतात व उलगडू पाहणाऱ्या इतर प्रथिनांची घडी सावरतात. मात्र या दुरुस्तीत बरीच ऊर्जा खर्ची पडते.

विद्यार्थ्यांना हे सांगताना मी ‘काटकपणा’ हा शब्द वापरत असे. त्या ढिगाऱ्यापाशी उभी राहिल्यापासून मला तो अपुरा वाटतो. हवेचे तापमान पंचेचाळिशीच्या पुढे गेले असताना मातीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो, पण हातभर खाली ओल असते आणि ऊन पोहोचत नाही. गोगलगायीने सोसलेला उन्हाळा हा हातभर खालचा उन्हाळा असतो. वर काढलेल्या गोगलगायींपैकी पक्ष्यांनी न उचललेल्यांची झाकणे दुपारनंतर सैल पडली होती. किनाऱ्यावरही दगडाखाली राहणारे जीव दगड उलटला की तासाभरात मरू शकतात, म्हणून उचललेला दगड तसाच पुन्हा ठेवा, असे मी मुलांना ओरडून सांगत असते आणि निम्मी मुले ते ऐकत नाहीत.

उघड्यावर राहून खरोखर अधिक ताप सोसणाऱ्यांचीही स्थिती फारशी निर्धास्त नाही. पोर्सिलेन खेकड्यांच्या अभ्यासात असे दिसले की किनाऱ्याच्या वरच्या भागात राहणारी जात खालच्या जातीपेक्षा अधिक उष्णता सोसते खरी, पण तिची मर्यादा आणि तिच्या जागेचे कमाल तापमान यांत अंतर थोडेच उरलेले असते. 2021 च्या जूनअखेर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आणि भर दिवसाची ओहोटी एकत्र आली, तेव्हा शिंपले खडकावरच शिजून उघडले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ख्रिस्तोफर हार्ले यांच्या अंदाजानुसार त्या लाटेत एक अब्जाहून अधिक सागरी जीव मेले.

गाळ काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. गाळाने उथळ झालेला तलाव शेतकऱ्याच्याही कामाचा नाही आणि मासळीच्याही. परंतु सगळा पट्टा एकाच उन्हाळ्यात खरवडण्याऐवजी निम्मा यंदा आणि निम्मा पुढच्या वर्षी काढता येईल, किंवा पाण्यालगतची ओली कड तरी सोडता येईल, असे मी रात्री जेवताना भाऊजींना म्हटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, गाळाचं बिल ब्रासवर निघते. कड सोडली तर तितके ब्रास कमी भरतील, ठेकेदार कायले सोडते?” मग त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली. दुसऱ्या दिवशी जेसीबी नेमका त्या ओल्या कडेला लागला होता.