जोर संपला म्हणून चेंडू खाली आला?

गतीचे नियम नववीत शिकून, अकरावीत त्यांवरची गणितं सोडवून झालेल्या मुलांना एक प्रश्न विचारून बघा. चेंडू सरळ वर फेकला. हवेचा रोध सोडून द्या. हातातून सुटल्यावर वर जाताना, अगदी टोकाला आणि खाली येताना त्याच्यावर कोणती बलं आहेत? तिन्ही ठिकाणी बाण काढा.

बरीच मुलं वर जाताना वरच्या दिशेने मोठा बाण काढतात. का, तर ‘हाताचा जोर’. टोकाला वरचा आणि खालचा बाण सारखा, कारण चेंडू ‘थांबलाय’. येताना फक्त खालचा. खरं तर तिन्ही ठिकाणी एकच बाण हवा, खाली जाणारा आणि सारख्याच लांबीचा. ५० ग्रॅमच्या चेंडूसाठी सुमारे ०.४९ न्यूटन. चेंडू हातातून सुटला की हाताचं बल तिथेच संपलं.

हीच मुलं ९.८ मीटर प्रतिसेकंद वेगाने वर फेकलेला चेंडू १ सेकंदात टोकाला पोहोचतो, हे गणित चुटकीसरशी सोडवतात. सूत्रात आकडे घालता येणं आणि बल समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या परीक्षा बहुतेक पहिलीच तपासतात, याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट तपासायला ‘फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही चाचणी आहे. डेव्हिड हेस्टेनिस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी ती १९९२मध्ये प्रसिद्ध केली. १९९५च्या सुधारित आवृत्तीत ३० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय, आकडेमोड शून्य. तिची खरी ताकद चुकीच्या पर्यायांत आहे. ते मुलांच्या नेहमीच्या समजुतींवरूनच घडवलेले आहेत. त्यामुळे डोळे मिटून खुणा केल्या तर साधारण ६ उत्तरं बरोबर येतील, पण आपल्या समजुतीवर ठाम असलेल्या मुलाची त्याहून कमीही येऊ शकतात.

चाचणी दोनदा घ्यायची. एकदा बल हा शब्द वर्गात उच्चारण्याआधी, एकदा प्रकरण संपल्यावर. अर्धा तास पुरतो. गुण निकालात धरू नका. धरले की मुलं स्वतःला काय वाटतं ते न लिहिता सरांना काय हवंय ते लिहितात. पहिल्या वेळी उत्तरं सांगू नका आणि प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या. नाहीतर दुसऱ्या वेळी पाठांतरच मोजलं जातं. सरासरी काढताना दोन्ही दिवशी हजर असलेलीच मुलं धरायची.

वाढ मोजताना नंतरच्या टक्क्यांतून आधीचे वजा करा आणि १००मधून आधीचे वजा करून जे उरेल त्याने भागा. वर्ग ४० टक्क्यांवरून ५८वर गेला तर १८ भागिले ६०, म्हणजे ०.३०. रिचर्ड हेक यांनी १९९८मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल असे तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांची सरासरी ०.२३ आली, मुलांना आपसांत चर्चा करायला, भाकीत करून पडताळायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८.

पण एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती मुलांनी निवडला, याचा तक्ता करा. उत्तरं पाचही पर्यायांत विखुरली असतील तर मुलं अंदाज करत आहेत. एकाच चुकीच्या पर्यायावर अर्धा वर्ग जमला असेल तर तिथे एक पक्की समजूत बसली आहे, आणि ती पुन्हा व्याख्या सांगून हलत नाही.

मराठीत प्रश्न करताना भाषेकडे नीट लक्ष द्यावं लागतं. ‘जोर ओसरला’ असं आपण रोज म्हणतो. त्यात जोर वस्तूच्या आत भरलेला असतो आणि हळूहळू संपतो, हे गृहीतच आहे. म्हणून प्रश्नात ‘जोर’ नको, ‘बल’ हवं, आणि कोणाचं कोणावर तेही हवं. ‘वजन’ हा शब्द वस्तुमानासाठी चुकूनही वापरू नका. ‘प्रतिक्रिया’ तर सगळ्यांत घोटाळ्याची, कारण बोलण्यात ती नेहमी नंतर येते. एसटी आणि स्कूटर धडकली तर एकमेकांवरची बलं सारखीच आणि एकाच क्षणी असतात. एसटी १०,००० किलो आणि स्वारासकट स्कूटर २०० किलो धरली, तर या बलाने स्कूटरला मिळणारं त्वरण एसटीच्या ५० पट होतं. चक्काचूर बघून मूल बल ठरवतं. परिणाम वेगळा असण्याचं मोठं कारण वस्तुमानात आहे, हे वेगळं काढून दाखवावं लागतं.

चाचणीनंतर तीन-चार मुलांना एकेकटं बोलवा आणि ‘हे का निवडलंस?’ एवढंच विचारा. चूक-बरोबर सांगू नका. टोकाला चेंडूवर बल नाही म्हणणाऱ्याला पुढचं विचारा: टोकाच्या ०.१ सेकंद आधी वेग किती? ०.९८, वर. ०.१ सेकंद नंतर? ०.९८, खाली. मग ०.२ सेकंदांत वेग १.९६ने बदलला. मधल्या क्षणी बल नव्हतं, तर तो बदलला कशाने? इथे घाई करू नका, त्याला गप्प बसून विचार करू द्या.