साडेतीनशे लिटर

सोमवार, माहे (सेशेल्स)

आत्या आली. एक बॅग, एक पिशवी. पिशवीत कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाकाच्या वड्या आणि पितळी तांब्या. तांब्या बघून बायकोनं माझ्याकडं बघितलं.

चाळीस फुटी शिडाची बोट आठ दिवसांसाठी भाड्यानं घेतलीय. पिण्याच्या बाटल्या वेगळ्या, पण स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं टाकीतल्या साडेतीनशे लिटरमध्ये. माणशी रोज वीस लिटर धरले तर पाचव्या दिवशी प्रास्लिन बेटाच्या धक्क्याला लागून टाकी भरावी लागणार. गणित सोपं आहे. अवघड आहे ते अडुसष्ट वर्षांच्या पाहुणीला सांगणं. आपल्यात दारात आलेल्याच्या हातावर आधी पाणी ठेवतात, आणि मी तिला सांगणार की नळ जपून सोड!

लाइफ जॅकेट, गॅसचा कॉक, संडासाचा हातपंप असं सगळं आधी दाखवलं. पाण्याचं शेवटी, खाली बघत सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली.

मंगळवार, क्युरियूज

माहे ते प्रास्लिन साधारण चोवीस सागरी मैल. वारा आग्नेयेचा, पंधरा-सोळा नॉट, उजव्या अंगाला आडवा. मेन शिडाला एक रीफ घेऊनही, म्हणजे शीड थोडं आखडूनही, बोट छान पळत होती. आत्यानं समुद्र याआधी फक्त गणपतीपुळ्याला बघितलेला, तोही किनाऱ्यावरून.

"ही अशी कलूनच चालणार का रे?"

"हो. तळाला अडीच-तीन टन वजन आहे, उलटत नाही."

"मग ठीक." वडी तोंडात टाकून ती कोपऱ्यात बसली. तासाभरानं ओकाऱ्या मलाच झाल्या. (हे घरी सांगायचं नाही असं ठरलंय.)

क्युरियूजवर मोठाली कासवं मोकळी फिरतात. सेशेल्सच्याच अल्दाब्रा बेटावरून आणून सोडलेली. एकाची मान खाजवली तर त्यानं ती लांब करून दिली. याच बेटावर 1965 पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत होती. डॉक्टरांचं लाकडी घर नीट जपलंय, तिथं संग्रहालय आहे. आत्या एकदा आनंदवनात जाऊन आलेली. ती घर बघून लगेच बाहेर आली. "डॉक्टरचं बघितलं. रोगी कुठं राहायचे?" म्हटलं, पडक्या भिंती आहेत तिकडं. तर तिकडं जाऊन बराच वेळ उभी राहिली.

गुरुवार

पाण्याचा काटा बिघडलाय असं वाटलं. तीन रात्री झाल्या, टाकी निम्म्याच्याही बरीच वर. दोनदा टिचकी मारून बघितली. काटा हलला नाही.

मग आज आत्यावर मुद्दाम लक्ष ठेवलं. भांडी आधी समुद्राच्या बादलीत, मग तांदूळ धुतलेल्या पाण्यात, आणि शेवटी अर्ध्या तांब्यात एक हात. आंघोळ मागच्या पायरीवर बसून खाऱ्या पाण्यानं, वरून दीड तांब्या गोडं. दीड! मोजून. भातात समुद्राचं पाणी एक वाटी घालायचं हेही तिनं स्वतःच काढलं, मीठ वाचतं म्हणून. आम्ही दोघं बटण दाबून दोन मिनिटांचा शॉवर घेतो आणि स्वतःला संन्यासी समजतो.

ती लातूरची आहे, हे मी विसरलोच कसा? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. मी पुण्यात टीव्हीवर बघून कौतुकानं फोन केला होता. "रेल्वे आली बाबा. घरात कुठं आली?" म्हणाली होती. तेव्हा मी हसलो होतो.

सोमवारी मी तिच्यासमोर पाणी वाचवण्यावर दहा मिनिटं बोललो. दहा मिनिटं!

शुक्रवार, प्रास्लिन

धक्क्याला लागलो, पण टाकी भरायची गरज पडली नाही. व्हॅले द मेच्या जंगलात गेलो. कोको द मेर म्हणजे तो जोडनारळ. जगातलं सगळ्यांत जड बी, पंचवीस किलोपर्यंत भरतं, फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. माहिती मी वाचून ठेवलेली. प्रवेशाशी ठेवलेलं बी आत्यानं बघितलं आणि म्हणाली, "हे तर फकिराचं कटोरं!"

खरंच की. दर्याई नारळ. वाहत येऊन आपल्या किनाऱ्यांना लागायचा, त्याचीच ती काळी भिक्षापात्रं. लातूरच्या गल्लीत ते कटोरं तिनं लहानपणापासून बघितलेलं. झाड मात्र अडुसष्टाव्या वर्षी भेटलं.

मधेच सर आली. आम्ही दोघं छपराकडं पळालो, ती झाडाखालीच थांबली. वरची पंख्याएवढाली पानं दुमडलेली असतात, त्यांच्यावरचं पाणी देठातून खोडावर आणि खोडावरून थेट मुळाशी येतं. "बघ, पन्हाळी केलीय त्यानं. शेजाऱ्याला थेंब जाऊ देईना." पुढं अर्धा तास तिला दुसरं काही दाखवता आलं नाही.

रविवार, ला दिग

बंदर गच्च, सायकली, गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक. फोटो बायकोकडं आहेत.

रात्री आत्यानं ध्रुवतारा विचारला. इथं आपण विषुववृत्ताच्या चार अंश खाली, तो क्षितिजाखाली गेलाय. "मग दिशा कशी कळायची तुम्हाला?" मी जीपीएस दाखवला. तिला तो फारसा पटला नाही.

सोमवार, माहे

टाकीत तिसरा हिस्सा शिल्लक. आठ दिवसांत एकदाही भरली नाही. बोट परत घेणाऱ्या माणसाला ते खरं वाटेना, त्यानंही काट्यावर टिचकी मारली.

धक्क्यावर एक पोरगा नळीनं शेजारची बोट धूत होता. फोन आला तशी नळी खाली टाकून बोलत बसला. पाणी फरशीवरून समुद्रात चाललेलं. आत्या माझा हात धरून खाली उतरली, नळाची चावी शोधली, ती सापडेना. मग तिनं नळीचं तोंड उचललं, पलीकडच्या जास्वंदीच्या बुडाशी नेऊन ठेवलं आणि येऊन आपली बॅग घेतली.