तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रॅच असलेली गेम डिस्क घ्यावी का?

जुने गेम्स जमवतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, डिस्कवर स्क्रॅचेस आहेत, घेऊ की सोडून देऊ? आणि फोटो पाठवतो तो नेहमी चकचकीत खालच्या बाजूचा. मला आधी लेबल बघायचं असतं, निदान सेगा सॅटर्न किंवा प्लेस्टेशन वन या जुन्या गेम कन्सोलची सीडी असेल तर नक्कीच. सीडीत डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा (वार्निशसारखा) पातळ थर आणि छपाई, बाकी 1.2 मिमी जाडीचं बहुतेक सगळं प्लास्टिक खाली. त्यामुळे खालचा चरा प्लास्टिकवरच राहतो, पण वरून काही टोकदार लागलं तर डेटाच खरवडून निघतो, मग कितीही पॉलिश करा. डिस्क दिव्यासमोर धरायची, सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला की गुपचूप परत द्यायची. (प्लेस्टेशन वनच्या काळ्या डिस्कला ही युक्ती नीट चालत नाही, तिथे लेबलच तिरकं धरून बघा.) डीव्हीडीत डेटा 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, तिथे लेबलचं एवढं टेन्शन नाही.

आता खालची बाजू. चरे किती आहेत हे मी फार मोजत नाही, दिशा बघतो. मधून कडेकडे जाणारा चरा दिसायला भयंकर, पण लेझर तो क्षणात ओलांडतो आणि तेवढा तुटलेला डेटा एरर करेक्शन, म्हणजे चुका भरून काढणारी सोय, सांभाळून घेतं. गोलाकार चरा ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेच्या, बाजूबाजूने जातो, सलग डेटा झाकतो, आणि तिथे गेम लटकतो म्हणजे लटकतोच. डिस्क पुसायची तीसुद्धा मधून बाहेर, सरळ, ती याचसाठी.

"चालते, लावून बघितली" यावर मात्र जाऊ नका, कारण लावून बघितली म्हणजे मेनूपर्यंत बघितली, आणि खराब भाग नेमका शेवटच्या लेव्हलच्या व्हिडिओत असू शकतो. पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येणारी डिस्क असेल तर अख्खी कॉपी करून बघा, कुठे अडकते ते लगेच कळतं.

पॉलिश म्हणजे प्लास्टिक घासून कमी करणं, सीडी-डीव्हीडीला बऱ्यापैकी चालतं. ब्लू-रेला बिलकुल नको, तिथे डेटा पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिमीवर असतो. वरचं कोटिंग टणक असतं म्हणून चरे सहसा पडत नाहीत, पण पडला खोल तर विषय संपला. प्लेस्टेशन फोरच्या डिस्क ब्लू-रेच, पण त्यांना एक सवलत आहे, गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होतो आणि नंतर डिस्क लागते ती फक्त ओळख पटवायला, म्हणजे एकदा नीट वाचली की बरंचसं भागलं.

आणि टूथपेस्ट घासून चरे घालवायचं म्हणाल तर कृपा करा, दातांनाच लावा. बारीक चरे असलेली पण शेवटपर्यंत चालणारी डिस्क मी आनंदाने घेतो, आरशासारखी पॉलिश मारलेली असेल तर दोनदा विचार करतो, आधी काय झालं होतं ते कळायला मार्गच नसतो.