साठ स्टेडिया चालत: आर्टेमिसच्या देवळाकडे

अथेन्सच्या उत्तरेला स्काला ओरोपूहून बोटीत बसलं की अर्ध्या तासाच्या आत युबिया बेटावरचं एरेट्रिया येतं. मला तिथून आमारिन्थोसपर्यंत चालतच जायचं होतं, कारण याच अंतराच्या हिशेबात एक अख्खं देऊळ हरवलं होतं.

प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबोच्या ग्रंथात आमारिन्थोस एरेट्रियाच्या तटापासून 7 स्टेडिया, म्हणजे सव्वा किलोमीटरवर, असं लिहिलंय. पण तेवढ्या टापूत आमारिन्थोसचं, ग्रीक देवी आर्टेमिसचं देऊळ काही सापडेना. शेवटी शिलालेखांचे स्विस अभ्यासक देनी क्नोप्फ्लर यांनी आकड्यावरच शंका घेतली. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. झीटा म्हणजे 7, क्साय म्हणजे 60. नक्कल करताना कुणाची तरी चूक झाली असावी! 60 स्टेडिया म्हणजे सुमारे 11 किलोमीटर.

रस्ता किनाऱ्याच्या बाजूने जातो. वाहनांची वर्दळ आहे, सावली कमी. पण स्ट्रॅबोनेच सांगितलेली देवीची मिरवणूक डोळ्यांपुढून हलत नव्हती: 3000 पायदळ, 600 घोडेस्वार, 60 रथ. पालखीबरोबर चाललेल्या माणसाला हे अंतर जड वाटणार नाही. सव्वा किलोमीटरसाठी एवढा लवाजमा कोण काढेल?

आमारिन्थोसच्या पुढे समुद्रालगत पालेओएक्लिसिएस नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी स्विस आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञांना 2007 मध्ये एका भव्य इमारतीचा पाया लागला. पण देऊळ कुणाचं, हे ठरायला 2017 उजाडलं. त्या वर्षी ‘आर्टेमिसचे’ असा शिक्का असलेली कौलं निघाली. कुंपणाबाहेर उभं राहून मी कितीतरी वेळ त्या कौलांचाच विचार करत होतो. कौल भाजणाऱ्या कारागिराने उमटवलेल्या नावावर अख्ख्या शोधाचा निकाल लागावा, याचा मला फार आनंद वाटला.

पुढे खाली इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरचं, सुमारे 34 मीटर लांबीचं देऊळ उघडं झालं. मातीच्या विटांच्या भिंती, दगडी पाया, आत दागिने, ताईत, अत्तराच्या कुप्या. आणि घोड्याच्या नालेच्या आकाराची वेदी, राखेने आणि जळलेल्या हाडांनी भरलेली. त्या राखेच्या खालच्या थरांत आठव्या शतकातली खापरं सापडली. म्हणजे हा अग्नी देवळाच्याही आधीपासून पेटत होता आणि भिंती नंतर त्याच्याभोवती उभ्या राहिल्या असाव्यात.