लालभडक, पण जहाल नव्हे

मेक्सिकोतील लाल साल्सा, म्हणजे सुक्या मिरच्यांचा दाट रस, पाहताच मराठी माणूस आधी पाण्याचा पेला जवळ ओढतो, कारण एवढा लाल रंग म्हणजे जीभ भाजणारच, हे आपले पक्के गणित असते. तिथल्या ग्वादालाहारा शहरात राहू लागल्यावर ते सोडून द्यावे लागते. पोसोले (मक्याच्या दाण्यांचे मांस घातलेले सूप), एंचिलादास (रसात बुडवलेल्या, सारण भरलेल्या मक्याच्या पोळ्या) किंवा न्याहारीचे चिलाकिलेस (तळलेल्या पोळीचे रसातले तुकडे) ज्या लाल रसावर उभे असतात, त्यात माणशी दोन-तीन अख्ख्या सुक्या मिरच्या सहज जातात, तरीही लहान मुले ते आवडीने खातात. आपण तिखट चमच्याने मोजतो. इथे मिरची हाच रसाचा गर असतो.

शहरातल्या सान हुआन दे दिओसच्या बाजारात सुक्या मिरच्यांचे ढीग पाहिले की कोणती घ्यावी, हेच कळेनासे होते, पण घरगुती साल्सासाठी तीन पुरेत. ग्वाहीयो लांब, गुळगुळीत आणि किंचित आंबट असते. रंग मुख्यतः तिचा. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची: रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी, आणि वासाला थेट मनुकांसारखी. तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापात ग्वाहीयो साधारण 2500 ते 5000 आणि आंचो 1000 ते 2000 भरते, तर बारीक आर्बोल 15000 ते 30000 पर्यंत जाते. म्हणून आर्बोल एखादीच घालावी, तीही झेपत असेल तर. मिरची वाकवली असता मोडू नये, लवचीक राहावी. कडकडीत झालेली मिरची जुनी समजावी.

चौघांसाठी आठ ग्वाहीयो आणि दोन आंचो घेऊन देठ, बिया आणि आतल्या पांढुरक्या शिरा काढाव्यात. खरा तिखटपणा बियांत नसून या शिरांत असतो. मग कोरड्या तव्यावर मिरच्या उलथन्याने दाबत प्रत्येक बाजू काही सेकंदच भाजावी. खमंग वास सुटला की लगेच उतरवावे, कारण करपलेल्या मिरचीचा कडवटपणा पुढे साखर घालूनही जात नाही. गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून त्या लसूण, कांदा, थोडे जिरे आणि ओरेगानोसह मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटाव्यात. भिजवणीचे पाणी आधी चाखावे. कडू लागल्यास ओतून देऊन वाटणात साधे पाणी घालावे. गोव्याचा रेशाद मसाला करणाऱ्यांना मिरच्या भिजवून वाटणे नवे नाही, मात्र इथे वाटण गाळून सालपटे काढतात, आणि हा कंटाळवाणा भाग टाळला तर रस जिभेला चरचरीत लागतो.

यानंतरची पायरी बाहेरचे लोक हमखास गाळतात. गाळलेला रस तापलेल्या तेलात किंवा डुकराच्या चरबीत एकदम ओततात. तो जोरात तडतडतो, म्हणून झाकण हाताशी असावे. मंद आचेवर दहा मिनिटांत कच्चा वास जातो, विटकरी रंग गडद होतो आणि कडेने तेल सुटू लागते. मीठ आणि लागेल तसे स्टॉक तेव्हाच घालावे. एंचिलादाससाठी हा रस टॉर्तियाला, म्हणजे मक्याच्या पोळीला, चिकटून राहील इतका दाट हवा, पोसोलेसाठी पातळ चालतो.

भारतात ग्वाहीयोऐवजी बेडगी वापरता येईल. रंग उत्तम येतो. आंचोला मात्र मला तिथे जोड सापडलेली नाही. दोन-चार काळ्या मनुका वाटणात घातल्यास गोडवा तेवढा साधतो, तिचा खोल, मुरलेला वास येत नाही.